माइक चालू राहू दे

आमच्या गावाचं रेडिओ स्टेशन म्हणजे एक खोली,
शाळेच्या गॅरेजला चिकटलेली.
आत टेबल, टेलिफोन, किटली
आणि आलासी.
दाराला कडी नाही.
उणे अडतीसमध्ये कुणाला बाहेर ठेवायचं?

माझं काम छपरावर.
अँटेनावरचा बर्फ लाकडी हातोडीने झाडतो.
ती ठकठक खाली माइकात शिरते
आणि घराघरांत कळतं, नुताराक उठला.

सकाळी सातला आलासी सांगते :
पाण्याची गाडी आज टेकडीकडच्या घरांना आधी.
विमान काल आलं नाही, तेच आजही येणार नाही.
दुकानाच्या पायरीवर डावा हातमोजा सापडलाय, लांडग्याच्या केसांची किनार,
उजवा ज्याच्याकडे असेल त्याने यावं.
पुतुलिकने सील आणलाय, काळीज म्हाताऱ्यांसाठी राखलंय.
आणि माँट्रियालच्या दवाखान्यातून सायरा विचारते,
माझ्या कुत्र्यांना कुणी खायला घालतंय का?

दुपारपर्यंत सात जणांनी घातलेलं असतं.
कुत्र्यांना उभं राहवत नाही.

बुधवारी रात्री रेडिओवर बिंगो.
रस्त्यावर चिटपाखरू नसतं.
आकडा आधी आमच्या भाषेत, मग फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत,
त्यामुळे चष्मा विसरलेल्यालाही
घरी जाऊन यायला वेळ मिळतो.

टीव्ही आला तेव्हा मी सहा वर्षांचा.
दक्षिणेकडून आला, उपग्रहावरून.
त्यातली माणसं मोटारींतून एकमेकांच्या मागे धावायची,
भांडायची, दारं आपटायची
आणि कुणाच्याही तोंडातून वाफ निघायची नाही.
आजोबा बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, ही श्वास घेत नाहीत की काय?

पुढे आमचा स्वतःचा अर्धा तास मिळाला, गुरुवारचा.
मामाने कॅमेरा बाळासारखा अंगरख्यात घेऊन ऊब दिली
आणि माइना म्हातारी दातांनी बुटाचं कातडं मऊ करते
ते दाखवलं. अर्धा तास. कुणी एक शब्द बोललं नाही.
अख्खं गाव डोळे लावून बसलेलं.
माइनासुद्धा बसली होती आमच्या घरी.
मध्येच पडद्याकडे बोट करून म्हणाली,
इथे चुकलंय तिचं.

मग ते फेब्रुवारीतलं वादळ.
जाका कॅरिबूमागे गेलेला, परतला नाही.
शोधायला निघालेले दहा जण
स्वतःचेच स्कूटर सापडेनात म्हणून मागे फिरले.
त्याच्या अंगरख्यात छोटा रेडिओ असतो, त्याची बहीण म्हणाली.
आलासीने मफलर सोडला.
म्हणाली, माइक चालू राहू दे. तू वर जा.

मी वर ठोकत होतो, ती खाली बोलत होती.
कुणाच्या घरी काय शिजलं ते सांगितलं.
पोरांना फोनवर घेतलं, त्यांनी दात मोजून दाखवले.
जाकाच्या आईचं लग्न कसं ठरलं तेही सांगून टाकलं,
जे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
दोननंतर बातम्या संपल्या, गोष्टी संपल्या,
तिने दुकानाची भावयादी घेतली
आणि ती संपल्यावर किटली माइकजवळ ठेवली.
उकळू दे, म्हणाली,
पाण्याचा आवाज ओळखेल तो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाका चालत आला.
नाकाचं टोक पांढरं, भुवयांवर बर्फ.
घरी गेला नाही. आधी या खोलीत आला, कडी नसलेल्या.
बॅटरी पहिल्याच रात्री गेली, म्हणाला.
गोठलेल्या माशांचा भाव सांगत होतीस, तिथे आवाज बंद.
मग बर्फात भोक पाडून पडून राहिलो.

आलासीने चहा ओतला.
कुणीच काही विचारलं नाही.
थोड्या वेळाने तोच म्हणाला,
पुढे काय होतं?

तिने चष्मा शोधला. यादी शोधली.
माइक चालूच होता.
पीठ, ती म्हणाली, दहा किलोची पिशवी.
काडेपेट्या.
दोरी, निळी, मीटरवर.
आणि सगळ्या गावात
एकाही घराने आवाज लहान केला नाही.